वहिवाटीची वाट

रस्ता आणि वाट यांत एक मोठा भेद आहे. रस्ता कोणीतरी बांधतो. वाट कोणी बांधत नाही, ती पडते. रस्त्याला आराखडा असतो, अंदाजपत्रक असते, कंत्राटदार असतो आणि उद्घाटनाची कोनशिलाही असते. वाटेला यांपैकी काहीच नसते. विहिरीवर पाण्याला जाणाऱ्या बाया, शेताकडे निघालेला कुणबी, शाळेची मुले, जत्रेला चाललेली माणसे यांच्या पायांखाली गवत आधी दबते, मग मरते, मग माती उघडी पडते आणि एक दिवस लोक म्हणू लागतात की, येथे वाट आहे. ती कोणी काढली आणि केव्हा काढली असे विचारले, तर गावातला वृद्धातला वृद्ध माणूसही एवढेच सांगतो की, ती आमच्या आज्याच्या वेळेपासून आहे. वाटेचा दस्तऐवज असा माणसांच्या पायांत आणि स्मरणात असतो. तो जितका खरा, तितकाच कच्चा. पायांना अटकाव झाला किंवा आठवण असणारी पिढी निघून गेली, की वाटही गेली.

मग अशा वाटांची आणि त्या ज्या रानांतून, कुरणांतून, माळांवरून जातात त्या भूमीची व्यवस्था कोणी लावावी? जमीन ज्याच्या नावावर आहे त्याने, कचेरीत बसलेल्या अधिकाऱ्याने, की त्या वाटेने रोज चालणाऱ्या माणसाने? हा प्रश्न दिसतो लहान, परंतु इंग्लंडसारख्या देशाला त्याचे उत्तर शोधता शोधता दीडशेहून अधिक वर्षे लागली. तो शोध कसा झाला, त्यात काय साधले आणि काय निसटले, ही कथा जाणून घेण्याजोगी आहे. कारण गाव आणि वाट यांचे नाते सगळीकडे सारखेच असते.

इंग्लंडच्या जुन्या कायद्याचे एक तत्त्व असे होते की, जो मार्ग एकदा सार्वजनिक झाला तो सदैव सार्वजनिक. जमिनीचा धनी बदलो, पीक बदलो, त्या मार्गाने जाण्याचा लोकांचा हक्क अबाधित राहतो. गावोगावी सामाईक कुरणेही होती. त्यांवर गुरे चारण्याचा, सरपण गोळा करण्याचा, क्वचित माती वा गवत नेण्याचा हक्क गावकऱ्यांना परंपरेने होता. परंतु सतराव्या शतकापासून, आणि विशेषतः अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, या सामाईक जमिनींभोवती कुंपणे पडू लागली. १६०४ पासून १९१४ पर्यंत ब्रिटिश पार्लमेंटने असे कुंपणाचे ५,२०० हून अधिक कायदे संमत केले आणि त्यांखाली सुमारे ६८ लाख एकर, म्हणजे इंग्लंडच्या भूमीचा एकपंचमांशाहून थोडा अधिक हिस्सा आला. शेतीचे उत्पन्न वाढले हे खरे. पण ज्याच्यापाशी एक गाय आणि कुरणावरचा हक्क एवढीच दौलत होती, त्याची दौलत गेली. कुरणाबरोबर कुरणातल्या वाटाही गेल्या.

त्यातच १८१५ साली एक कायदा झाला. एखादी पाऊलवाट अनावश्यक आहे असे दोन ‘जस्टिस ऑफ द पीस’ यांना वाटले, तर त्यांच्या सहीने ती बंद करता येऊ लागली. हे न्यायाधिकारी बहुधा त्या भागातले जमीनदारच असत. एकाने आपल्या शेजाऱ्याच्या बागेतली वाट अनावश्यक ठरवावी आणि शेजाऱ्याने त्याच्या बागेतली, असा हा सोयीचा व्यवहार होता. वाटेने चालणाऱ्यास कोणी विचारीत नसे.

या व्यवहाराला संघटित विरोध झाला तो उत्तरेकडे, गिरण्यांच्या शहरांत. दिवसभर धुरात आणि यंत्रांच्या खडखडाटात राबणाऱ्या माणसांना रविवारी शेतांतून, नदीकाठाने फिरायला मिळणारी वाट ही चैनीची वस्तू नव्हती. मँचेस्टरजवळच्या फ्लिक्स्टन येथे राल्फ राइट या जमीनदाराने आपल्या आवारातील वाट बंद केली, तेव्हा लोक न्यायालयात गेले. याच प्रकरणातून १८२६ साली मँचेस्टर येथे प्राचीन पाऊलवाटांच्या रक्षणासाठी एक संस्था उभी राहिली. सभासद वाटा पाहत, कोठे अडथळा दिसला तर तो नोंदवीत आणि प्रसंगी वर्गणी काढून खटले लढवीत. लोकांनी स्वतः चालून, स्वतः पाहून, स्वतः नोंद करून ठेवावी या पद्धतीचा उगम येथे दिसतो.

पुढे १८६५ साली लंडनमध्ये सामाईक भूमीच्या रक्षणासाठी एक संस्था निघाली. जॉर्ज शॉ-लेफेव्हर हे तिचे प्रवर्तक. जॉन स्टुअर्ट मिलसारखे तत्त्वज्ञ आणि ऑक्टेव्हिया हिल यांच्यासारख्या समाजसेविका तिच्याशी निगडित होत्या. दुसऱ्याच वर्षी तिची कसोटी लागली. बर्कॅमस्टेड येथील चारशेहून अधिक एकर सामाईक माळाभोवती लॉर्ड ब्राउनलो यांनी लोखंडी कुंपण घातले. त्या माळावर हक्क असलेले ऑगस्टस स्मिथ यांनी न्यायालयाची वाट पाहिली नाही. १८६६ च्या मार्चमधील एका रात्री लंडनहून खास आगगाडीने मजुरांची तुकडी आली आणि उजाडेपर्यंत कुंपण उखडून व्यवस्थित रचून ठेवले गेले. सकाळी गावातली माणसे मुलाबाळांसह आपल्या माळावर हिंडू लागली. खटला मागाहून झाला आणि १८७० साली निकाल स्मिथ यांच्या बाजूने लागला. लंडनच्या वेशीवरचे एपिंगचे अरण्यही अशाच झगड्यातून वाचले. त्या अरण्यात झाडांच्या फांद्या छाटून सरपण नेण्याचा गावकऱ्यांचा जुना हक्क टॉमस विलिंगेल नावाच्या एका मजुराने सोडावयास नकार दिला. लंडनच्या नगरपालिकेने पुढे खटला चालविला. आणि १८७८ च्या कायद्याने ते सुमारे सहा हजार एकर अरण्य कायमचे लोकांसाठी राखले गेले. या संस्थेचे वकील रॉबर्ट हंटर, ऑक्टेव्हिया हिल आणि पाद्री हार्डविक रॉन्सली या तिघांनी मिळून १८९५ साली ‘नॅशनल ट्रस्ट’ची स्थापना केली.

परंतु प्रत्येक लढ्याचा शेवट असा गोड झाला नाही. १८९६ च्या सप्टेंबरात बोल्टन या गिरणगावाजवळच्या विंटर हिल टेकडीकडे जाणारी वाट कर्नल एन्सवर्थ यांनी फाटक घालून बंद केली. एका रविवारी सुमारे दहा हजार माणसे त्या वाटेने चालत गेली. प्रकरण न्यायालयात गेले. आपण पिढ्यान्‌पिढ्या या वाटेने जात आहोत अशा साक्षी अनेक रहिवाशांनी दिल्या, तरीही निकाल लोकांच्या विरुद्ध लागला. लोकांची संख्या मोठी होती, स्मरण पक्के होते, पण कागद नव्हता. आठवण आणि कागद यांची गाठ आधी पडली नाही, तर ऐन वेळी आठवण न्यायालयात टिकत नाही, हा धडा बोल्टनकरांना महाग पडला.

उघड्या डोंगरमाथ्यांची स्थिती तर याहून कठीण होती. उत्तरेतील माळपठारे ग्राउस नावाच्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेली असत. वर्षातले काही दिवस शिकार आणि उरलेले दिवस पहारा. जेम्स ब्राइस यांनी १८८४ साली डोंगरांवर प्रवेशाचा हक्क मागणारे विधेयक स्कॉटलंडपुरते मांडले. ते संमत झाले नाही. पुढे पुन्हा पुन्हा मांडलेली अशी विधेयकेही अयशस्वी ठरली. अखेर १९३२ सालच्या एप्रिल महिन्याच्या २४ तारखेस, रविवारी, मँचेस्टर परिसरातील सुमारे चारशे तरुण डर्बीशायरमधील किंडर स्काउट या पठारावर मनाई मोडून चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. वर राखणदारांशी थोडी झटापट झाली. खाली उतरताच अटका झाल्या आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या तुरुंगवासाच्या शिक्षा झाल्या. पदभ्रमण करणाऱ्यांच्या जुन्या संघांना हा मार्ग पसंत नव्हता. सनदशीर प्रयत्नांना त्यामुळे बाध येईल अशी त्यांना भीती होती. परंतु शिक्षांची बातमी पसरली तेव्हा लोकमत हलले आणि काही आठवड्यांनी विनॅट्स खिंडीत भरलेल्या सभेस दहा हजारांचा समुदाय लोटला. सत्तर वर्षांनी, २००२ साली, भरलेल्या स्मरणसभेत डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वेळच्या त्या वर्तनाबद्दल लोकांची जाहीर क्षमा मागितली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये एक वेगळेच वारे वाहू लागले. युद्धानंतरचा देश कसा असावा याचा विचार बॉम्बवर्षाव चालू असतानाच सुरू झाला. राष्ट्रीय उद्यानांविषयी जॉन डावर यांचा अहवाल १९४५ साली आला आणि हॉबहाउस समितीचा १९४७ साली. या साऱ्याची परिणती १९४९ च्या डिसेंबरात झालेल्या राष्ट्रीय उद्याने व ग्रामीण प्रदेशात प्रवेश यासंबंधीच्या कायद्यात झाली. नगर व ग्रामनियोजन खात्याचे मंत्री लुइस सिल्किन यांनी तो पार्लमेंटमधून पार नेला. त्यातील राष्ट्रीय उद्यानांचा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. किंडर स्काउट ज्या प्रदेशात येते तो पीक जिल्हा १९५१ साली पहिले राष्ट्रीय उद्यान झाला. परंतु सामान्य माणसाच्या दृष्टीने अधिक मोलाचा होता तो त्या कायद्याचा दुसरा भाग. त्याने असे फर्मावले की, इंग्लंड व वेल्समधील प्रत्येक परगण्याच्या कौन्सिलने आपल्या हद्दीतील सर्व सार्वजनिक पाऊलवाटांचा आणि घोडवाटांचा नकाशा तयार करावा. आणि तो तयार करताना गावांच्या पंचायतींचा विचार घ्यावा.

हे काम कसे चालले ते पाहण्यासारखे आहे. परगण्याच्या कचेरीतल्या अधिकाऱ्याला गावोगावच्या वाटा माहीत असणे शक्यच नव्हते. म्हणून मैलाला सहा इंच या प्रमाणाचे नकाशे आणि छापील तक्ते गावपंचायतींकडे, तिकडच्या भाषेत पॅरिश कौन्सिलांकडे, पाठविण्यात आले. मग गावातली माणसे वाटा चालू लागली. हाती नकाशा घेऊन प्रत्येक वाट चालावयाची, तिला क्रमांक द्यावयाचा, ती कोठून निघते आणि कोठे पोहोचते, कुंपण ओलांडायला पायऱ्या आहेत की फाटक, फाटकाला कुलूप आहे काय, ओढ्यावर साकव आहे काय, हे सारे टिपावयाचे. आणि ही वाट सार्वजनिक आहे असे आपण कशावरून म्हणतो, तेही लिहावयाचे. या शेवटच्या रकान्यात गावाचा इतिहास उतरला. प्रार्थनामंदिराकडे जाणारी वाट, गिरणीकडे जाणारी वाट, प्रेत दफनभूमीकडे नेण्याची वाट, जुन्या खाणीवर कामगार जात ती वाट. जी कारणे कोणत्याही ग्रंथात नव्हती ती म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून निघाली आणि तक्त्यात बसली.

पुढची पायरीही तितकीच महत्त्वाची. या तक्त्यांवरून परगण्याने प्रथम कच्चा नकाशा करावयाचा आणि तो लोकांना पाहण्यास खुला ठेवावयाचा. एखादी वाट राहिली असेल तर चालणाऱ्याने सांगावे, एखादी चुकून घातली असेल तर जमीनमालकाने हरकत घ्यावी. हरकतींची सुनावणी झाल्यावर तात्पुरता नकाशा. त्यावर जमीनमालकास न्यायालयात दाद मागण्याची मुभा. आणि सर्व वाद मिटल्यावर कायम नकाशा. या कायम नकाशात जी वाट आली तिच्याविषयी पुन्हा वाद नाही. तो नकाशा हाच तिचा निर्णायक पुरावा. बोल्टनच्या लोकांपाशी जो कागद नव्हता, तो आता गावाने स्वतःच्या पायांनी लिहिला.

येथे या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर तो नुसता पोवाडा होईल. कायदा करणाऱ्यांनी कल्पिले होते की, पहिली पाहणी तीन वर्षांत पुरी होईल. प्रत्यक्षात काही परगण्यांचे कायम नकाशे पुरे होण्यास वीस-वीस वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ लागला. शिवाय सगळ्या गावांनी सारख्याच आस्थेने काम केले नाही. जेथे शाळामास्तर, टपालवाला किंवा पायी हिंडण्याची आवड असलेला एखादा गृहस्थ पुढे झाला, तेथे बारीकसारीक वाटही नोंदली गेली. जेथे पंचायतीत मोठा जमीनदार आणि त्याची कुळे यांचेच प्राबल्य होते, तेथे तक्ते पुष्कळदा जवळजवळ कोरेच परत गेले. ज्याची घरे आणि शेते आपण कसतो त्याच्याच जमिनीतली वाट सार्वजनिक आहे असे कुळाने भर सभेत उठून म्हणावे, ही अपेक्षा सोपी नव्हती. काही ठिकाणी तर निष्काळजीपणाही नव्हता, उलट अतिविश्वास होता. ही वाट तर सगळ्यांनाच ठाऊक आहे, ती आणखी लिहावयाची कशाला, असे म्हणून ती लिहिली गेली नाही. आणि ज्यांना ठाऊक होती ती माणसे पुढे उरली नाहीत.

यातून मोठ्या गमतीच्या, पण अर्थपूर्ण विसंगती निर्माण झाल्या. एका गावाने एक वाट घोडवाट म्हणून नोंदवावी आणि शेजारच्या गावाने तीच वाट पाऊलवाट म्हणून. म्हणजे स्वाराने शिवेपर्यंत घोड्यावरून यावे आणि शिवेवर उतरून पुढे पायी जावे! कोठे एका गावाने वाट शिवेपर्यंत आणून सोडली आणि पलीकडच्या गावाने तिची दखलच घेतली नाही. नकाशावर ती वाट शेताच्या मधोमध अचानक संपते, जणू तेथपर्यंत गेलेली माणसे आकाशात उडून गेली. या तुटलेल्या रेघा भूगोलाच्या नव्हेत. त्या त्या गावच्या सभेला त्या दिवशी कोण हजर होते आणि कोण बोलू शकले नाही, त्याच्या त्या खुणा आहेत. लोकांना विचारले, एवढ्याने लोकांचे मत मिळतेच असे नाही. बोलण्यास निर्भय अशी जागाही मिळावी लागते.

तरीही या कायद्याने जो पाया घातला त्यावर पुढची इमारत उभी राहिली. टॉम स्टीफन्सन नावाच्या पत्रकाराचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. १९३५ साली दोन अमेरिकन मुलींनी पत्र पाठवून त्यांना विचारले की, आमच्याकडच्या ॲपलेशियन पर्वतातील दीर्घ पदमार्गासारखा मार्ग तुमच्याकडे आहे काय? नाही, असे उत्तर द्यावे लागले. आणि मग त्यांनी ‘डेली हेरल्ड’ या वृत्तपत्रात लेख लिहून अशा एका लांबलचक हिरव्या वाटेची मागणी केली. पेनाइन पर्वताच्या कण्यावरून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत जाणारी ही वाट, म्हणजे शेकडो जमिनींतून जाणारी वाट. १९४८ साली त्यांनी पार्लमेंटच्या काही सभासदांनाच त्या मार्गावर चालावयास नेले. कायदा झाल्यावर जुन्या वाटांच्या मधले तुकडे जोडण्यासाठी गावोगावी, शेतोशेती वाटाघाटी कराव्या लागल्या. अखेर १९६५ सालच्या २४ एप्रिलला, किंडर स्काउटच्या घटनेला बरोबर तेहतीस वर्षे पुरी झाली त्या दिवशी, सुमारे अडीचशे मैलांची ती पेनाइन वाट खुली झाली. लेख ते लोकार्पण यांत तीस वर्षे गेली. एका फर्मानाने ती कदाचित पाच वर्षांत झाली असती. पण ज्यांच्या दारावरून ती जाते त्यांच्या संमतीवाचून झालेली वाट किती दिवस उघडी राहिली असती, हा प्रश्नच आहे.

नियोजनात लोकांना सामील करून घेणे हा उपचार न राहता सरकारचे कर्तव्य झाले पाहिजे, हा विचार त्याच दशकात दृढ झाला. १९६८ च्या नियोजन कायद्याने लोकांना योजना पाहण्याची आणि मत मांडण्याची संधी देणे बंधनकारक केले. आणि आर्थर स्केफिंग्टन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६९ सालच्या आपल्या अहवालात त्याचा मार्ग सांगितला. त्यातील मुख्य मुद्दा साधा होता. योजना पक्की झाल्यावर लोकांपुढे ठेवली तर लोकांना विरोधच तेवढा करता येतो. कच्ची असतानाच ठेवली तर ते तिच्यात भर घालू शकतात. १९८१ च्या कायद्याने याही पुढे जाऊन कोणत्याही नागरिकास, पुरावा असल्यास, वाटांच्या नकाशात दुरुस्ती मागण्याचा अधिकार दिला. त्यानंतर २००० साली ग्रामीण प्रदेश व वाटांच्या हक्कांचा नवा कायदा झाला. त्याने इंग्लंडमधील उघडी माळराने, डोंगर आणि नोंदलेल्या सामाईक जमिनी, एकूण सुमारे साडेआठ लाख हेक्टर, पायी फिरण्यास खुल्या केल्या. कोणती जमीन उघडी मानावयाची, हे ठरविण्यासाठी पुन्हा कच्चे नकाशे, पुन्हा हरकती, पुन्हा सुनावण्या झाल्या, आणि २००५ सालापर्यंत हे काम पुरे झाले. याच कायद्याखाली ठिकठिकाणी सल्लागार मंडळे नेमली गेली. त्यांत चालणारे, घोडेस्वार आणि जमीनमालक एका मेजाभोवती बसतात. स्थानिक संस्थांनी आपल्या हद्दीतील वाटांच्या सुधारणेचा आराखडा करावा आणि त्यासाठी लोकांचे म्हणणे ऐकावे, असेही बंधन आले. १८२६ साली जे न्यायालयात समोरासमोर उभे होते, ते आता शेजारी बसून साकव कोठे घालावा याची चर्चा करू लागले.

मात्र १९५०च्या सुमारास कोरे राहिलेले ते तक्ते या कथेचा पाठलाग सोडीत नाहीत. २००० च्या कायद्याने असे ठरविले की, १९४९ पूर्वीच्या ज्या वाटा १ जानेवारी २०२६ पर्यंत नकाशात येणार नाहीत त्यांवरील हक्क संपेल. तेव्हा हरवलेल्या वाटा शोधण्याची धडपड सुरू झाली. २०२० साली पदयात्रींच्या ‘रॅम्ब्लर्स’ या संस्थेच्या आवाहनावरून हजारो स्वयंसेवकांनी इंग्लंड व वेल्सचे जुने नकाशे आणि आजचे नकाशे चौकोनामागून चौकोन शेजारी ठेवून ताडून पाहिले. कायम नकाशात न आलेल्या सुमारे ४९,००० मैल संभाव्य वाटा त्यांना आढळल्या. नोंदलेल्या वाटांची लांबी सुमारे १,४०,००० मैल आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गळतीचे आकारमान कळते. पुढे ती मुदत २०३१ पर्यंत वाढविण्यात आली आणि २०२४ च्या डिसेंबरात ती मुदतच रद्द करण्याचा मनोदय सरकारने जाहीर केला. सत्तर वर्षांपूर्वी एका संध्याकाळच्या ग्रामसभेत जे बोलले गेले नाही, त्याची भरपाई नातवंडांना अशी रात्र रात्र नकाशे तपासून करावी लागली.

आपल्या देशात वाट या शब्दालाच चिकटून ‘वहिवाट’ हा शब्द आहे. वहिवाट म्हणजे चालत आलेला उपभोग आणि त्यातून निर्माण झालेला हक्क. इंग्लंडच्या न्यायालयांना जे तत्त्व विस्ताराने सांगावे लागले ते मराठीत एका शब्दात मावते. १९०६ च्या मामलेदार न्यायालयांच्या कायद्यानुसार वहिवाटीच्या वाटेत अडथळा झाल्यास सहा महिन्यांच्या आत मामलेदाराकडे दाद मागता येते. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत बांधावरून जाण्याच्या वाटेचा निर्णय तहसीलदाराने चौकशी करून द्यावा अशी तरतूद आहे. पण या दोन्ही तरतुदी तंटा झाल्यानंतरच्या आहेत. तंटा होण्यापूर्वीच गावाने मिळून आपल्या वाटा, पाणंदी, कुरणे आणि राने लिहून ठेवावीत, ही गोष्ट वेगळी. तिचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काचा दावा सांगण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. त्याच्या नियमांत पुरावा म्हणून जी साधने मान्य केली त्यांत कागदपत्रांच्या जोडीला गावातील वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले कथनही आहे. बोल्टनच्या न्यायालयात जे अपुरे ठरले, ते येथे कायद्याने पुरावा म्हणून स्वीकारले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या गोंड गावाने आपल्या रानाची सीमा आणि वापर यांची मांडणी सभेत एकत्र बसून केली आणि २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळविला. जंगलाचा आराखडा करावयाचा तर जंगलात रोज जाणाऱ्याला विचारा, ही त्या गावाची रीत होती.

इंग्लंडच्या या दीर्घ इतिहासाचे सार काढावयाचे तर ते बहुधा असे निघेल. वाट कोठे आहे हे चालणाऱ्याला कळते, ती कशी राखावी हे शेजारच्या शेतकऱ्याला कळते आणि ती टिकेल अशी नोंद कशी करावी हे कचेरीला कळते. तिघांपैकी एकालाही वगळले की नकाशात तेवढी जागा कोरी राहते, आणि नकाशातली कोरी जागा पुढे जमिनीवरही कोरी होते. म्हणून गावचा नकाशा चावडीवर लागेल त्या दिवशी तो पाहावयास जाणे, त्यात आपल्या पायांखालची वाट आहे की नाही हे बोट ठेवून तपासणे आणि नसेल तर तसे उभे राहून सांगणे, हे सामान्य नागरिकाचे लहानसे पण मोलाचे काम आहे. ते ज्या गावांत कोणीतरी केले तेथे आजही मुले शेतातून शाळेत जातात. जेथे कोणी केले नाही, तेथे तारेचे कुंपण आहे आणि पलीकडे काय होते हे सांगणारे आता कोणी नाही.